जलदानाचे वाङ्मय

कोजागिरीच्या आधीचे दोन-तीन दिवस आमच्या वणीच्या रस्त्यावर कावडींची रांग लागते. नर्मदा, तापी, गोदावरी अशा नद्यांचे पाणी खांद्यावर घेऊन निघालेली ही माणसे पौर्णिमेला सप्तशृंगीच्या गडावर पोहोचतात व त्या पाण्याने देवीला अभिषेक होतो. त्यांतील नाशिक-त्र्यंबकाकडच्या कावडी आमच्या दारावरून जातात, आणि आम्ही दरवर्षी ओट्यावर बसून त्या पाहतो. ती कोसांची पायपीट आणि पाणी सांडू नये म्हणून पावलागणिक घेतलेली ती काळजी पाहिली, म्हणजे पाणी वाहून नेणे हे आपल्या समाजाने केवढे मोठे पुण्य मानले आहे, हे ध्यानात येते. अर्थात देवीसाठी वर्षातून एकदा वाहिले तर पुण्य. घरासाठी रोज दोनदा वाहिले तर ते नुसते बाईमाणसाचे काम! असो. अशाच एका दिवशी टपालवाल्याने आमच्या हाती एक पुस्तिका आणून दिली. तिच्यावर चार शब्द लिहावेत, अशी संपादकांची चिठ्ठी सोबत होती.

पुस्तिका ६४ पृष्ठांची, गुळगुळीत कागदावर छापलेली आहे. आफ्रिका खंडातील काही खेड्यांना व आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील काही आदिवासी पाड्यांना एका धर्मादाय संस्थेने पाण्याचे घरगुती फिल्टर कसे पुरविले, याचा तिच्यात वृत्तांत आहे. संस्थेचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. याचे एक कारण असे की, या जातीच्या पुस्तिका आता इतक्या निघतात की एकीवर केलेली टीका बाकीच्यांना जशीच्या तशी लागू पडावी. दुसरे कारण थोडे खासगी आहे. ते पुढे ओघाने येईल. साहित्याच्या मासिकात फिल्टरच्या अहवालाचे काय काम, असे काही वाचक विचारतील. परंतु ज्या लेखनाने हजारो माणसांच्या मनात करुणा उत्पन्न होते, त्यांच्या खिशातून पैसा निघतो आणि दूरच्या अपरिचित माणसांविषयी त्यांचे मत कायमचे बनून जाते, ते वाङ्मय नव्हे असे आम्ही तरी म्हणणार नाही. कादंबरीपेक्षा आज या वाङ्मयाचा वाचक अधिक आहे, आणि कादंबरीला जे प्रश्न आपण बेधडक विचारतो ते याला कोणी विचारीत नाही.

रचनेच्या दृष्टीने पाहू गेल्यास हे वाङ्मय आपल्या व्रतकथांच्या घराण्यातले आहे. आरंभी दैन्य, मग एका दयाळू अतिथीचे आगमन, त्याने दिलेली वस्तू, ती वस्तू वापरण्याचा विधी, आणि शेवटी फलश्रुती: मुले आजारी पडेनाशी झाली, शाळेत जाऊ लागली, आईच्या मुखावर हास्य फुलले. व्रतकथेत निदान व्रत मोडणाऱ्याची कथा असते. कोणी उतते, मातते, वसा टाकते आणि मग तिच्यावर काय गुदरते हे कहाणी प्रांजळपणे सांगते. आमच्या पुढ्यातील ६४ पृष्ठांत एकाही घरात फिल्टर फुटला नाही, तुंबला नाही, कोणाला त्याचा कंटाळा आला नाही. ज्या कथेत वसा टाकणारे कोणीच नाही, तिच्यातील फलश्रुतीवर श्रद्धा ठेवणे आम्हांस जड जाते.

भाषेविषयीही थोडे बोलले पाहिजे. सबंध पुस्तिकेत क्रियापदांची एकच तऱ्हा आहे: वाटप करण्यात आले, प्रशिक्षण देण्यात आले, जनजागृती करण्यात आली. 'करण्यात आले' हा प्रयोग सरकारी कचेऱ्यांतून आपल्या गद्यात शिरला व आता त्याने सगळे घरच व्यापले आहे. त्याची सोय अशी की, त्यात कर्ता लागत नाही आणि कर्ता नसला म्हणजे जबाबदारीही नसते. याच्या जोडीला 'लाभार्थी' हा शब्द. मूळ अर्थाने पाहिले तर लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. या पुस्तिकेत मात्र ज्याच्या दाराशी वस्तू नेऊन ठेवली तो लाभार्थी. त्याने इच्छा केली होती काय, त्याला लाभ झाला काय, हे दोन्ही प्रश्न शब्दानेच गिळून टाकले आहेत. छायाचित्रांतील स्त्रिया बोलत नाहीत. दोन ठिकाणी बोलतात तेव्हा आफ्रिकेतील बाई आणि आमच्याकडची बाई एकाच वळणाचे पुस्तकी वाक्य बोलतात.

तथापि फिल्टर ही वस्तूच निरर्थक आहे, असे कोणी समजू नये. सहारेच्या दक्षिणेस असंख्य कुटुंबे आजही उघड्या ओढ्याचे, तळ्याचे किंवा कच्च्या विहिरीचे पाणी पितात, आणि अतिसाराने दगावणाऱ्यांत लहान मुलांचा भरणा मोठा असतो. अशा ठिकाणी नळ येईपर्यंत घरातल्या घरात पाणी गाळण्याची युक्ती शोधणे हे शहाणपणाचेच काम होय. या युक्त्यांपैकी काही तर बुद्धीला थक्क करणाऱ्या आहेत. माती व लाकडाचा भुसा एकत्र मळून मडके भाजावे, म्हणजे भुसा जळून त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यांतून पाणी पाझरते. वर चांदीचा हलका लेप द्यावा. १९८१ साली ग्वातेमालातील एका शास्त्रज्ञाने सिद्ध केलेली ही कृती पुढे आफ्रिकेतील कुंभारांच्या आव्यांपर्यंत गेली. कुंभाराच्या हातची वस्तू असल्याने ती फुटली तर गावातच दुसरी मिळण्याची आशा तरी असते. खुद्द सुदानात नाईलचे गढूळ पाणी निवळण्यासाठी बायका शेवग्याच्या बिया कुटून घालतात. शेवगा हे झाड मूळचे आपल्याकडचे. आपण त्याच्या शेंगा आमटीत घातल्या आणि बियांचा हा गुण त्या बायकांनी ओळखला. आपल्याकडे निवळीची बी मडक्याच्या आतून घासण्याची चाल होती; सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याच्या सात साधनांत निवळीबरोबर वस्त्रही सांगितले आहे. तेव्हा आमचे भांडण फिल्टरशी नाही. फिल्टर दिला म्हणजे पाणी शुद्ध झाले, हे जे समीकरण या वाङ्मयाने रूढ केले आहे, त्याच्याशी आहे.

या समीकरणाची परमावधी पाहावयाची असल्यास केनियाकडे पाहावे. २०११ साली तेथील पश्चिम प्रांतात एका युरोपीय कंपनीने पावणेनऊ लाखांहून अधिक घरांना काही आठवड्यांच्या अवधीत फिल्टर फुकट वाटले. एवढे औदार्य परवडावे कसे? तर हिशेब असा होता की, फिल्टर मिळाल्यामुळे लोकांना पाणी उकळावे लागणार नाही. उकळावे लागणार नाही म्हणून लाकूड जळणार नाही. लाकूड जळणार नाही म्हणून धूर कमी होईल. आणि वाचलेल्या या धुराची पत्रे जगाच्या बाजारात विकून वाटपाचा खर्च भरून निघेल. यात मेख अशी होती की, त्यांतील पुष्कळ घरे मुळात पाणी उकळीतच नव्हती. त्यावर हिशेबनिसांचे उत्तर तयार होते: उकळीत नसली तरी ऐपत असती तर त्यांनी उकळलेच असते, सबब ते लाकूडही वाचले असे धरावे. जे लाकूड कधी तोडले नाही, ज्याची चूल कधी पेटली नाही, त्याचा धूर वाचला! नव्यन्यायातील अभावाची चर्चा आम्ही तरुणपणी मोठ्या कष्टाने वाचली होती. तिचा एवढा किफायतशीर उपयोग होईल, असे मात्र आमच्या गुरूंना स्वप्नातही वाटले नसते. पुढे दोन-तीन वर्षांनी स्वतंत्र संशोधकांनी त्या भागातील घरे तपासली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे फिल्टर वापरणारी घरे सुमारे १९ टक्के, म्हणजे पाचांत एखादेच भरले. वाटपाचा आकडा मात्र पावणेनऊ लाखांवर होता तसाच राहिला आणि अनेक वर्षे निरनिराळ्या व्यासपीठांवरून तोच सांगितला गेला.

आता ते खासगी कारण. या पुस्तिकेच्या सतराव्या पृष्ठावरील छायाचित्रात डाव्या बाजूला, फेटा बांधून व नारळ हाती घेऊन, आम्हीच उभे आहोत. तीन वर्षांपूर्वी सुरगाण्याच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी घेऊन आम्ही या वाटपाला गेलो होतो. भाषण केले, टाळ्या घेतल्या, नागलीची भाकर व उडदाची आमटी खाल्ली आणि दिवे लागायच्या आत परतलो. पुस्तिका आली नसती तर तो पाडा आम्हांस पुन्हा आठवला असता की नाही, याची शंकाच आहे.

पुस्तिका वाचून झाल्यावर मन स्वस्थ बसू देईना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा तेथे गेलो. ज्या घरी जेवलो होतो त्याच घरी गेलो. फिल्टर कोपऱ्यात होता. त्याची तोटी काढून भोक चिंधीने बुजविले होते आणि आत पुढल्या वर्षाच्या पेरणीची नागली भरली होती. घुशीउंदरांपासून बियाणे राखायला ते भांडे फारच उत्तम, हे कोणीही कबूल करील. बाईंनी आम्हांस ओळखले, पाणी दिले आणि आम्ही काही विचारण्यापूर्वीच म्हणाल्या, "चांगलं आहे गुरुजी तुमचं मशीन." आम्ही कोपऱ्याकडे पाहिले, त्यांनीही पाहिले, आणि मग दोघांनाही हसू आले. तेथून पुढे खरे बोलणे सुरू झाले. "पहिला पावसाळा चाललं. मग श्रावणात विहिरीला गाळ आला न् त्याची ती पांढरी कांडी तुंबली. थेंब थेंब पाणी. घरात नऊ माणसं. आवणी करून आलेला माणूस थेंबाकडं बघत बसंल का? ब्रशनं घासली, तर पोराच्या हातून फुटली. वणीच्या बाजारात विचारलं, नाशिकला मिळंल म्हणाले." त्याच श्रावणात त्यांच्या धाकट्या मुलीला जुलाब-उलट्या होऊन दोन दिवस ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावावे लागले होते. मुलगी वाचली, आम्ही बसलो होतो तेवढा वेळ ती उंबऱ्यावर बसून आमच्या चपलांशी खेळत होती. पुस्तिकेच्या शेवटच्या कोष्टकात त्या पाड्याच्या नावापुढे घरे, फिल्टर आणि 'सुरक्षित पाणी मिळालेली कुटुंबे' हे तिन्ही आकडे एकच आहेत. तेव्हा ती मुलगी आजारी पडली तेव्हाही सुरक्षितांतच मोजलेली होती.

बाईंचे ते पहिले वाक्य आमच्या मनातून जात नाही. ते खोटे नव्हते. ती भीड होती. दारी आलेल्या पाहुण्याला त्याने दिलेली वस्तू वाईट निघाली असे तोंडावर सांगणे आपल्याकडे असभ्यपणाचे मानतात, आणि आफ्रिकेतील खेड्यांतही माणुसकीची रीत फारशी वेगळी असेल असे वाटत नाही. परंतु अशा भिडेवरच या वाङ्मयाची सारी आकडेवारी उभी असते. गेल्या महिन्यात मुलाला जुलाब झाले काय, असे फिल्टर देणाऱ्याच्याच माणसाने विचारावे, आणि बाईने 'नाही' म्हणावे! शास्त्रज्ञांनाही हा संशय आलाच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ओडिशातील एका मोठ्या प्रयोगात दोन हजारांवर घरांपैकी निम्म्यांना पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या व निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या आणि कोणाला कोणती मिळाली हे कोणालाच कळू दिले नाही. दोन्हीकडच्या जुलाबांत फरक आढळला नाही. यावरून गोळ्या कुचकामाच्या, असे अनुमान काढणे घाईचे होईल. कारण खऱ्या गोळ्या मिळालेल्या घरांपैकीही निम्म्याहून कमी घरांच्याच पाण्यात औषध सापडले. परंतु उघड प्रयोगांत जे घवघवीत यश दिसते त्यात औषधाचा वाटा किती आणि भिडेचा किती, हा प्रश्न त्याने कायमचा उभा केला. साहित्याच्या भाषेत सांगावयाचे तर या वाङ्मयातील निवेदक विश्वासार्ह नाही, कारण तोच कथेचा नायक आहे.

मग विश्वासार्ह निवेदन असते तरी कसे? त्याचा एक अस्सल नमुना आपल्याच देशात घडला, आणि आपण तो जवळजवळ विसरलो. आमच्या पिढीच्या पुष्कळांनी लहानपणी नारू झालेला माणूस पाहिला असेल. आजोळच्या एका गड्याच्या पोटरीतून निघालेला तो पांढरा दोरा आणि तो तुटू नये म्हणून रोज बोटबोटभर काडीवर गुंडाळण्याचा तो सोहळा आम्ही पाहिला आहे. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी प्यावे, त्यातून डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक किडा पोटात जावा, त्या किड्याच्या पोटात नारूची पिल्ले असावीत, आणि वर्षभराने दोन-तीन फुटांची मादी पायातून आग करीत बाहेर पडावी. ती आग निवविण्यासाठी माणूस पाय पाण्यात सोडतो आणि तेथेच नारू आपली पिल्ले सोडतो. पायविहीर पुन्हा बाधते. या रोगावर औषध नाही, लस नाही. उपाय एकच, पाणी फडक्याने गाळून पिणे व नारूवाल्याला पाण्यात उतरू न देणे. ज्या बारवांच्या शिल्पाचे आज आम्ही कौतुक करतो, त्यांच्या पायऱ्याच या रोगाचा जिना होत्या.

१९८३-८४ च्या सुमारास या रोगाच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात सुमारे ४०,००० रुग्ण होते आणि बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. गाळण्याची फडकी त्याही वेळी वाटली गेली. परंतु कार्यक्रमाचा हिशेब फडक्यांवर ठेवला नव्हता. तो रुग्णांवर ठेवला होता. घरोघर शोध होई, नारू निघालेला माणूस सापडला की त्याचे नाव, गाव आणि तो पीत असलेली विहीर यांची नोंद होई. पायविहिरी बुजवून किंवा बांधून काढून रहाटाच्या विहिरी केल्या जात, हातपंप बसत, पाण्यात किडे मारण्याचे औषध पडे. पुढे रुग्ण दुर्मिळ झाले तेव्हा रुग्ण दाखवून देणाऱ्याला बक्षीस लागले. म्हणजे आपले अपयश शोधून देणाऱ्यास सरकारने बक्षीस दिले! देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला, आणि त्यानंतरही पुरती खात्री करून घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २००० सालच्या फेब्रुवारीत भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. आफ्रिकेतही हेच झाले व होत आहे. १९८६ साली आफ्रिका व आशिया मिळून सुमारे ३५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. २०२४ साली सबंध जगात १५ नोंदले गेले. तेथील गुराख्यांच्या गळ्यात दोरीने बांधलेली एक लहानशी नळी असते, तिच्या तोंडाशी जाळी. रानात कोठेही पाणी प्यायचे तर त्या नळीने ओढून. हाही फिल्टरच, आणि तोही फुकट दिलेला. मात्र त्याचा अहवाल 'इतक्या नळ्या वाटल्या' येथे थांबत नाही. यंदा किती माणसांच्या पायांतून नारू निघाला, हे तो सांगतो, आणि चाडसारख्या देशात कुत्र्यांनाही नारू होऊ लागल्याने काम लांबले, ही नामुष्कीही लपवीत नाही. आमच्या लेखी हे गद्य रूक्ष असूनही थोर आहे.

जुन्या लुगड्याची गोष्ट याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. रीटा कोलवेल या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील ६५ गावांत बायकांना जुन्या साडीची निदान चार पदरी घडी करून पाणी गाळायला सांगितले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील ज्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात ते जीव या घडीत अडकतात. आणि नव्या कापडापेक्षा वापरून सूत फुगलेले जुने कापड अधिक बारीक गाळते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे त्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला, ४८ टक्क्यांनी घटला. त्यानंतर पाचेक वर्षांनी कोणी सांगत-विचारीत नसताना पाहिले, तेव्हा ३१ टक्के बायका पाणी गाळीत होत्या. दोन देशांची अशी तुलना काटेकोर नव्हे, हे आम्हांस कळते; तरीही केनियातील १९ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवल्याशिवाय राहवत नाही. साडीचा सुटा भाग नाशिकला मिळत नाही, असे कोणत्याही बाईला कधी सांगावे लागले नाही.

येथे आमच्या स्वतःच्या घराकडेही, म्हणजे मराठी साहित्याकडे, वळले पाहिजे. कारण अहवालकारांना नावे ठेवणे सोपे आहे. आमच्या कवितेत पाणी भरपूर आहे. पाणवठा आहे, घागर आहे, घागरीवरची घागर आहे आणि वाटेवरचा खट्याळ नायकही आहे. कादंबरीत दुष्काळ आहे, धरण आहे, तहान आहे. पण पाणी आणणे आणि पाणी पिणे यांच्या मध्ये जो व्यवहार रोज घरात होतो, म्हणजे गाळणे, निवळणे, उकळणे, माठ घासणे, फडके बदलणे, त्यावर एखादे चांगले पान आम्ही मोठ्या प्रयासानेच आठवू शकतो. ते काम बायकांचे, रोजचे आणि नाट्यहीन. म्हणून आमच्या कथाकारांच्या नजरेतून सुटले, आणि जी गोष्ट साहित्याच्या नजरेतून सुटते तिच्यावर अहवाल लिहिणाऱ्यांचे फावते. फिल्टरची कांडी दर आठवड्याला कोणी घासायची, हा प्रश्न त्या ६४ पृष्ठांत नाही. मग आमच्या चारशे पृष्ठांच्या कादंबऱ्यांत तो कोठे आहे?

'शुद्ध' हा शब्दही या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. पुस्तिकेत तो शंभरदा तरी आला असेल, आणि तो निरपराध आहे अशा समजुतीने आला आहे. पण मराठीत शुद्ध पाण्याला फार जुना व फार कडू इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले. शेणगोमूत्राने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या ओंजळीने बाटते, असे मानणारी ही शुद्धी! त्या तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने कायम करावयास १९३७ साल उजाडावे लागले. त्याच्याही आधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. हे आम्हांस अशासाठी आठवते की, जलदानाच्या मराठी परंपरेत जी कृत्ये खरोखर मोठी झाली ती पाणी घरातून बाहेर, चारचौघांत आणणारी होती. पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड वाटेतल्या तहानलेल्या गाढवाच्या मुखी ओतली, ही आख्यायिका त्याच कुळातली. घरगुती फिल्टरची दिशा नेमकी उलटी आहे. चव्हाट्यावरच्या विहिरीची नासाडी तशीच ठेवून ती निस्तरण्याचे काम तो एकेका घराच्या कोपऱ्यात आणि एकेका बाईच्या गळ्यात टाकतो. मग तिचे मूल आजारी पडले तर कांडी घासली नसेल म्हणून दोष तिचाच.

आमच्या त्या पाड्याची विहीर याच विचाराने आम्ही जाऊन पाहिली. कठडा एका बाजूने खचला होता आणि गुरांचे शेणमूत पावसात थेट आत जाईल असा उतार होता. नागपूरच्या निरी संस्थेने विहिरींसाठी एक स्वस्त युक्ती फार वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे: एकात एक अशी दोन मडकी, आतल्यात ब्लीचिंग पावडर व जाड वाळू यांचे मिश्रण, दोहोंना एकेक भोक, आणि जोडमडके विहिरीत पाण्याखाली टांगलेले, लहान विहिरीला ते दोन-तीन आठवडे पुरते. ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडर येते, तिच्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो, आणि विहिरीच्या परिसराची तपासणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. ही कार्डे आम्हांस फार आवडतात. शिक्षक म्हणून सांगतो, नापास करण्याची सोय ज्या परीक्षेत आहे तीच परीक्षा. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मोहिमेने माणशी रोज ५५ लिटर पाणी घराघरात नळाने देण्याचे वचन दिले. त्याची मुदत आता २०२८ पर्यंत वाढविली आहे. तोवर आणि त्यानंतरही त्या विहिरीचा कठडा कोणीतरी बांधलाच पाहिजे, आणि त्याला फिल्टरांच्या त्या ढिगाएवढा पैसा खास लागणार नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी येत्या माघात श्रमदानाचे ठरविले आहे. भाषण करावयाचे नाही, असे आम्ही स्वतःस बजावून ठेवले आहे.

पुस्तिकेची छपाई स्वच्छ असून छायाचित्रे सुरेख आहेत. मूल्य छापलेले नाही. मुद्रणदोष थोडे आहेत, पण एक मोठा आहे. बाराव्या पृष्ठावर काचेचा पेला धरलेले दोन हात दाखविले असून ते आफ्रिकेतील एका ग्रामस्त्रीचे असल्याचे खाली लिहिले आहे. हेच छायाचित्र पुढे एक्कावन्नाव्या पृष्ठावर आमच्या जिल्ह्यातील पाड्याचे म्हणून आले आहे. उजव्या मनगटावरचे तुळशीवृंदावनाचे गोंदण आम्ही ओळखतो. त्याच हातांनी आम्हांस नागलीची भाकर वाढली होती. पुढील आवृत्तीत बाराव्या पृष्ठावरचा मजकूर दुरुस्त करावा.